बर्फातला पालक: पेरायचा कधी, झाकायचा कशाने

खुरपं:

थंडी पडायला लागली की इथे दरवर्षी तोच प्रश्न येतो, "आता पालक पेरला तर येईल का?" दर वेळी तुकड्या-तुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकतो. जिथे पारा शून्याखाली जातो, जमीन गोठते, बर्फ साचतो अशा ठिकाणच्या परसबागेसाठी हे आहे. ज्यांच्याकडे थंडी म्हणजे फक्त पहाटेचा स्वेटर, त्यांना यातलं निम्मंही लागणार नाही.

हिवाळ्यातला पालक हिवाळ्यात वाढत नाही, एवढं आधी पक्कं डोक्यात बसवा. तो शरदात वाढवायचा आणि पुढे थंडीभर वाफ्यात उभा ठेवायचा. थंडीत वाफा म्हणजे कोठार. त्यात आधी जे भरलं असेल तेच काढता येतं. आपण सगळे थर्मामीटरकडे बघत बसतो, पण पालकाला अडवतो तो उजेड. दिवस १० तासांहून लहान झाला की वाढ जवळपास ठप्प होते, मग वर कितीही कापडं घाला.

त्यामुळे आपल्या गावचा दिवस १० तासांखाली कधी जातो ती तारीख आधी काढा. सूर्योदय-सूर्यास्ताच्या कुठल्याही तक्त्यात मिळेल. अंदाज द्यायचा तर ४० अंश उत्तर अक्षांशावर नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दिवस १० तासांहून लहान असतो. ४५ अंशांवर हा काळ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात संपतो. ५० अंशांवर ऑक्टोबर सरता सरताच सुरू होतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतो. ३० अंशांच्या खाली दिवस एवढा लहान होतच नाही.

आता त्या तारखेपासून मागे मोजा. हिवाळाभर पानं तोडायची असतील तर त्या दिवशी रोप जवळपास पूर्ण वाढलेलं हवं, म्हणजे आठ-नऊ आठवडे आधी पेरणी. पाकिटावर "४५ दिवस" लिहिलेलं असतं ते वसंतातले, शरदात दिवस उतरते असतात, दोनेक आठवडे जास्तीचे धरा. आणि फक्त रोपं जगवून वसंतात लवकर पीक घ्यायचं असेल तर चार ते सहा आठवडे पुरतात. चार-सहा खरी पानं (उगवतानाच्या पहिल्या जोडीनंतरची) असलेला, जमिनीला चिकटलेला गेंद झाला पाहिजे. माझं विचाराल तर दोन्ही करा, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन वाफे. मोठी रोपं थंडीत तोडून संपतात, लहान मागे राहतात आणि वसंतात तीच जोरात येतात.

पेरणीतली खरी अडचण उलटीच आहे. तेव्हा माती गरम असते, आणि गरम मातीत पालकाचं बी रुसतं. बी उगवण्याचे जुने तक्ते आहेत त्यांत पालकाचे आकडे मजेदार आहेत: ५ अंशांना शंभरातली ९६ बियाणं उगवतात पण २३ दिवस लावतात, १० अंशांना ९१ उगवतात १२ दिवसांत, २० अंशांना सहाच दिवस लागतात पण उगवतं जेमतेम निम्मं, आणि २५ अंशांना तीसच्याही खाली. घाई केली की बी मुकाट्याने कुजतं.

उपाय साधा आहे. बी रात्रभर पाण्यात भिजवा, निथळून ओलसर कापडात गुंडाळून पाच-सहा दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मोड दिसायला लागले की संध्याकाळी पेरा. वाफ्याला आदल्या दिवशी पाणी देऊन वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर हवी पण चिखल नको. दीड सेंटीमीटर खोल, ओळींत २५ सेंटीमीटर अंतर. वरून जाळी किंवा फळी टाकून सावली करा, पण फळी टाकली तर रोज उचलून बघायचं. पांढरा कोंब दिसला की त्याच संध्याकाळी फळी काढायची. नंतर विरळणी करून दोन रोपांत आठ-दहा सेंटीमीटर ठेवा. इथे हात आखडू नका, दाटीतली रोपं लांबुळकी होतात आणि पहिल्याच कडाक्यात आडवी पडतात.

बाकी झाकण, तोडणी वगैरे प्रतिसादांत बोलू.

निंबोणी:

वा, फ्रिजची युक्ती माहीत नव्हती. जात कुठली घ्यावी ते पण सांगा ना. पाकिटं पाहिली तर सगळ्यांवर "थंडी सहन करणारा" असंच छापलेलं असतं.

बीजबुद्धी:

निंबोणीताई, पाकिटावरच्या विशेषणांपेक्षा दोन गोष्टी बघा.

एक, शास्त्रीय नाव. स्पिनॅशिया ओलेरेशिया असेल तर तो हवा तो पालक. भारतीय बियाण्यांत पालक म्हणून बरेचदा बीटा वल्गॅरिस येतं, म्हणजे बीटाच्या कुळातला पाला. तो उष्णता चांगली सोसतो, कापला की पुन्हा फुटतो, पण कडाक्यात स्पिनॅशियाइतका टिकत नाही. बी हातात घेतलं तरी ओळखू येतं. बीटाचं बी म्हणजे खडबडीत गाठ, एका गाठीतून दोन-तीन रोपं येतात. स्पिनॅशियाचं गोल, करडं-तपकिरी आणि एकेकटं. काही जुन्या जातींचं बी काटेरी असतं, सराट्यासारखं बोचतं. पूर्वी काटेरी बियांचा तो हिवाळी पालक आणि गोल बियांचा तो उन्हाळी, अशी ढोबळ विभागणीच होती.

दोन, पान. सुरकुतलेलं, जाड, गडद पान थंडीला सहसा जास्त चिवट. ब्लूम्सडेल त्यातली प्रसिद्ध जात. जायंट विंटर नावाप्रमाणेच थंडीसाठी, तिची पानं मोठी आणि अर्धवट सुरकुतलेली. व्हिरोफ्ले ही जुनी फ्रेंच जात, पान सपाट आणि अवाढव्य, शरदात झकास येते. संकरितांत स्पेस आणि रेजिमेंट बरेच लोक लावतात. सपाट पान धुवायला सोपं. सुरकुत्यांत मात्र पावसाने उडालेली माती अशी बसते की तीन पाण्यांतूनही दाताखाली कचकच येते.

केवडा या बुरशीरोगाचा त्रास असेल तर संकरित घ्या. या बुरशीच्या क्रमांक दिलेल्या कितीतरी जाती आहेत, नव्या सापडत राहतात, आणि कुठल्या क्रमांकांना प्रतिकार आहे ते चांगल्या पाकिटावर लिहिलेलं असतं. जुन्या देशोदेशीच्या जातींना हा प्रतिकार बहुधा नसतो.

आणि बी ताजं. पालकाचं बी दोन-तीन वर्षांत दम सोडतं.

कुंडीवाली:

माझ्याकडे जमीन नाही, बाल्कनी आहे. कुंडीत जमेल का? खोली किती लागते?

खुरपं:

जमेल. खोली २० सेंटीमीटर पुरे, ३० असेल तर उत्तम, पालकाला सोटमूळ असतं. पण कुंडीची मुळं जमिनीपेक्षा कितीतरी जास्त गारठतात. जमिनीतल्या रोपाला खालून ऊब मिळते, कुंडी मात्र पाचही बाजूंनी गोठते. छोट्या कुंड्या टाळा, एकच मोठा लांबट ट्रफ घ्या. भिंतीला टेकवून ठेवा, बाहेरून पोत्याचं किंवा बबल शीटचं वेष्टण घाला, तळाशी थर्माकोलचा तुकडा सरकवा. आणि पाणी! हिवाळ्यात कुंडीतली रोपं गोठून मरतात त्याहून जास्त तहानेने मरतात. ऊन आणि वारा पानातलं पाणी ओढतात, गोठलेल्या मातीतून मुळांना ते मिळत नाही. दुपारी माती वितळलेली असेल त्या दिवशी झारीने थोडं पाणी द्या.

कुंडीवाली:

बाल्कनी पूर्वेला आहे, ऊन सकाळी तीन-साडेतीन तास.

खुरपं:

मग पेरणी आणखी दोन आठवडे आधी सरकवा आणि कोवळी पानं खुडण्यावर समाधान माना. भरगच्च गेंदाची आशा धरू नका.

गारठलेला:

खुरपंदादा, झाकण्याबद्दल लिहितो म्हणालात, पण मीच सुरुवात करतो कारण यात माझं मत वेगळं आहे. मी सरळ प्लॅस्टिकचा बोगदा करतो. तारेच्या कमानी, वर ग्रीनहाऊसची फिल्म, कडांना विटा. कापडबिपड काही नाही. बाहेर बर्फ असताना आत हात घातला तर चक्क ऊबदार लागतं. रोपांना यापेक्षा चांगलं काय?

खुरपं:

ती ऊबच घात करते, म्हणून तर.

पालक थंडी सोसतो तो सरावाने. पारा शून्य ते पाच अंशांच्या आसपास राहायला लागला की पानांत साखर साठते, पेशींच्या पडद्यांची घडण बदलते. साखरेमुळे पेशीतलं पाणी सहजी गोठत नाही. बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर, मधल्या पोकळीत, आणि आतलं पाणी हळूहळू तिकडे ओढलं जातं. पेशी सुकते पण फाटत नाही. न सरावलेलं रोप उणे ४-५ ला झोपतं, तेच सरावलेलं उणे १० पर्यंत उभं राहतं. थंडीतला पालक गोड लागतो तो याच साखरेने.

हा सराव यायला आठवडा-दोन आठवडे लागतात, जायला मात्र दोन-चार उबदार दिवस पुरतात. बंद बोगद्यात ऊन पडलं की बाहेर शून्य असताना आत वीस-पंचवीस सहज होतात. रोप सैल पडतं, कोवळी फूट काढतं. त्या रात्री आकाश निरभ्र असलं तर पातळ फिल्मच्या आत पारा बाहेरच्या जवळपासच उतरतो, कारण एकपदरी प्लॅस्टिक रात्रीची उष्णता फारशी अडवत नाही. दिवसा उन्हाळा आणि रात्री उणे ८, एवढा हेलकावा त्याला मारतो. नुसती थंडी तो सोसून नेतो.

गारठलेला:

पण माझी रोपं तर जगतात.

खुरपं:

कडा विटांनी दाबता म्हणजे फटी राहत असणार, त्यातून वारं खेळतं. तेच हवं. ऊन असेल तेव्हा आतला पारा १०-१२ च्या वर जाऊ लागला की टोकं उघडी टाकायची, दुपारी तीनच्या सुमारास बंद. घरी कुणी नसेल तर कापड बरं, त्याला विसरलं तरी चालतं.

झाडपाला:

मध्ये तोंड घालतो. दोघांचंही बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, कारण प्रश्न पारा किती खाली जातो याचा आहे.

नॉन-वूव्हन कापड वजनावर मिळतं. चौरस मीटरला १७-१९ ग्रॅमचं पातळ कापड एक-दोन अंशांचा फरक पाडतं आणि उजेड जवळजवळ सगळा आत सोडतं. ३० ग्रॅमचं दोन-तीन अंश. ५० ग्रॅमचं चार अंशांपर्यंत जातं, पण उजेड तीस ते पन्नास टक्के खातं, म्हणून ते दिवसरात्र घालून ठेवायचं नाही, लाटेच्या रात्रींपुरतंच. पारा क्वचित उणे ६-७ ला जात असेल तर सरावलेल्या पालकाला ३० ग्रॅमचं कापड कमानीवर टाकलं की झालं. उणे १५ च्या प्रदेशात मात्र कापड आणि वर प्लॅस्टिक, दोन्ही लागतं. दोन पदरांमधली हवा जे काम करते ते एकटं प्लॅस्टिक करूच शकत नाही.

कापड पानांवर टेकू देऊ नका. ओलं कापड टेकलं आणि गोठलं की त्या जागेची पानं जळाल्यासारखी होतात. कमानी आडव्या वाकू नयेत म्हणून मधोमध एक दोरी ताणून दोन्ही टोकांना खुंटी. ओला बर्फ कल्पनेपेक्षा जड असतो, कमान एकदा बसली की खालची रोपं गाडली गेलीच.

मोडी:

बर्फ साचला तर झाडून टाकायचा का राहू द्यायचा?

झाडपाला:

बोगद्यावरचा झाडा, हलक्या हाताने, झाडूने. खोऱ्याने नको, फिल्म फाटते. उघड्या वाफ्यावर पडला असेल तर देवाचं देणं समजा. २०-३० सेंटीमीटर भुसभुशीत बर्फाखाली जमिनीलगतचा पारा शून्याच्या आसपासच राहतो, वर उणे २० असलं तरी. बर्फाशिवायचा कोरडा कडाका आणि वारा हे खरे शत्रू. तिथे पाचटाचं किंवा पेंढ्याचं आच्छादन रोपांच्या मधून घाला, वरून दाबू नका. जमीन रात्री गोठते, दुपारी सुटते आणि असं चाललं की लहान रोपं मातीतून वर ढकलली जातात, मुळं उघडी पडतात. आच्छादनाचा मुख्य फायदा तो आहे. उचललं गेलेलं रोप दिसलं तर दुपारी माती मऊ असताना अंगठ्याने परत दाबून बसवायचं.

शंकासुर:

आज सकाळी वाफ्यात गेलो तर सगळी पानं जमिनीवर लोळलेली, गडद, काचेसारखी अर्धपारदर्शक. उकडल्यासारखी दिसतात. हात लावला तर कडक. काल रात्री उणे ६ होतं. उपटून टाकू का? की निदान आज तोडून घेऊ?

खुरपं:

दोन्ही नको!! हात मागे घ्या. ही पानं मेलेली नाहीत, गोठलेली आहेत. मघाशी लिहिलं ना, पाणी पेशींबाहेर जाऊन गोठतं, ते हे. पारा शून्याच्या वर गेला की ते पाणी हळूहळू परत आत शिरतं आणि दुपारपर्यंत पानं उभी राहतात. गोठलेलं पान तोडलं, वाकवलं किंवा त्यावर पाणी मारलं की बर्फाचे कण पेशी फाडतात आणि घरात आणल्यावर चिखल होतो.

शंकासुर:

दुपारी दोनला बघून आलो. उभी आहेत! दोन-तीन बाहेरची पानं मात्र तशीच ओली, काळपट, लिबलिबीत राहिली.

खुरपं:

ती गेली. कात्रीने काढून टाका, नाहीतर त्यांच्यावर बुरशी धरते. मधला गाभा घट्ट, हिरवा असेल तर रोप ठणठणीत आहे. पालकाचा जीव त्या गाभ्यात असतो. बाहेरची सगळी पानं गेली तरी वसंतात तिथूनच फुटतो.

अर्धवट_माळी:

तोडणी कशी करावी? आमच्याकडे खालपासून कापायची सवय आहे.

झाडपाला:

शरदात, दिवस मोठे असताना, चार बोटं ठेवून कापली तरी चालतात. १० तासांच्या खाली गेल्यावर कापायचं नाही, खुडायचं. बाहेरची दोन-तीन पानं देठासकट, गाभा आणि निदान पाच-सहा पानं मागे. त्या काळात कापलेलं परत येत नाही, हे विसरून पहिल्याच महिन्यात वाफा रिकामा करणारे बरेच. वेळ दुपारची, पानं पूर्ण सुटल्यावर.

ओवी_के:

दुपारच्या तोडणीला आणखी एक कारण आहे. पालक जमिनीतला नत्र नायट्रेटच्या रूपात घेतो आणि उजेडाच्या मदतीने त्याची प्रथिनं बनवतो. उजेड कमी पडला की नायट्रेट पानात, विशेषतः देठात, साचून राहतं. म्हणून हिवाळ्यातल्या पालकात ते उन्हाळ्यापेक्षा जास्त सापडतं. युरोपीय संघाने ताज्या पालकासाठी किलोमागे ३५०० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा घातली आहे ती काही उगीच नाही. घाबरण्यासारखं काही नाही, पण थंडीत युरिया किंवा ताजं कोंबडीखत देऊ नका, ढगाळ दिवसांच्या ओळीनंतर एखादं लख्ख ऊन पडू द्या, मग दुपारी तोडा, आणि देठ थोडे आखूड घ्या.

मोडी:

माझा प्रश्न याच्या उलटा आहे. रोपं जगलीत, पण फेब्रुवारीत पानं फिकट पिवळी पडलीत. खालची जास्त. शरदात शेणखत भरपूर घातलं होतं. मग नत्र कमी कसा?

ओवी_के:

मोडीदादा, खत आहे पण ते शिजलेलं नाही असं समजा. शेणखतातला नत्र जिवाणूंनी मोकळा केल्याशिवाय मुळांना मिळत नाही, आणि गार मातीत जिवाणू जवळजवळ झोपलेले असतात. खालची जुनी पानं आधी पिवळी पडतायत हे नत्राच्या कमतरतेचंच लक्षण, रोप जुन्या पानांतून काढून नव्याला देतं. माती थोडी गरम झाली की बहुतेक आपोआप सुधारेल. दिवस १० तासांवर गेल्यावर एकदा पातळ द्रवखत द्या, एखाद्या उबदार दुपारी.

पण मातीचा सामू (पीएच) तपासलाय का? पालकाला ६.५ ते ७.५ हवा. ६ च्या खाली गेला की तो खुरटतो, पानांच्या कडा पिवळ्या-तपकिरी होतात, आणि मग कितीही खत घाला, ढिम्म. पावसाळी, आम्ल जमिनीत हा पहिला संशय. चुना शरदात, पेरणीच्या आधी मिसळायचा, आत्ता वरून टाकून फार उपयोग नाही.

मोडी:

तपासला. पट्टीवर ५.८ च्या आसपास दिसतोय. म्हणजे दुखणं तिथे आहे तर.

निंबोणी:

किडीचं काय? मला वाटलं थंडीत कीड नसते, पण पानांवर नागमोडी पांढुरके चट्टे आलेत, आत काहीतरी वळवळतंय.

बीजबुद्धी:

नागअळी. पेगोमिया नावाच्या माशीची. पान उलटं करून बघा, खाली बारीक पांढरी अंडी शेजारी शेजारी ओळीने चिकटवलेली दिसतील. तांदळाच्या कणीहून लहान. बोटाने चिरडा. चट्टे पडलेली पानं तोडून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नको. चाकवत, बीट, चार्ड ही सगळी तिचीच घरं, तेव्हा आसपास तण म्हणून उगवलेला चाकवत उपटा. कापड पेरणीपासूनच घातलं तर माशी आत येत नाही. अट एकच, गेल्या मोसमात त्याच वाफ्यात नागअळी नसावी. कोष जमिनीत असतात, माशी आतूनच निघेल आणि कापड तिलाच आसरा देईल.

थंडी पक्की झाली की माशी थांबते. मग गोगलगायी. कापडाखाली त्यांची चंगळ असते. आणि बोगद्यात उंदीर पेंढ्यात घर करतात, म्हणून आठवड्यातून एकदा तरी कड उचलून आत नजर टाका.

दक्षिणायन:

आम्ही दक्षिण गोलार्धातले. महिने सगळे सहा-सहाने सरकवायचे, एवढंच ना?

खुरपं:

हो, आणि आडोसा दक्षिणेकडून, तोंड उत्तरेला. १० तासांचा हिशेब तोच, ३५ अंशांच्या आसपास तुमच्याकडे जूनमध्ये दिवस जेमतेम १० तासांखाली जातो. म्हणजे वाढ फारशी थांबतच नाही, चैन आहे.

अर्धवट_माळी:

आणि वसंतात? थंडी काढलेला पालक किती दिवस पुरतो?

खुरपं:

सुखाचा काळ तो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुळं आधीच खोल गेलेली असतात, उजेड वाढतो आणि रोप हातभर पसरतं. नव्याने पेरलेल्यापेक्षा महिनाभर तरी पुढे असतं. मग दिवस १३-१४ तासांचा झाला की मधून दांडा वर येतो, पानं टोकदार, बाणासारखी होतात आणि चव तुरट. थंडी काढलेल्या रोपांना ही घाई थोडी जास्तच. पान टोकदार व्हायला लागलं की सगळं काढून घ्या, वाट बघण्यात अर्थ नाही.

बीजबुद्धी:

सगळं काढू नका! बी धरायचं असेल तर चांगली आठ-दहा रोपं ठेवा. पालकात नर आणि मादी रोपं वेगळी असतात. नर आधी फुलतात, बारीक, कमी पानांची, टोकाला तुरा. मादी पसरट, फुलं पानांच्या बगलेत. अगदी पहिले दांडे फेकणारी रोपं उपटून टाका, नाहीतर लवकर फुलण्याचा गुणच पुढे जाईल. पराग वाऱ्यावर लांब जातो, त्यामुळे एका मोसमात एकच जात फुलू द्यायची. शेजाऱ्याच्या बागेत दुसरी फुलली असेल तर त्या वर्षी सोडून द्या.

थंडीत कुठली रोपं सगळ्यात ताठ राहिली ते जानेवारीतच काडी रोवून खूण करून ठेवा. मेमध्ये सगळी सारखीच दिसतात.

शंकासुर:

हे आवडलं. आज उभी राहिलेल्यांपैकी तीन जवळ काड्या रोवतो.

कुंडीवाली:

एक शेवटचं. माझ्या ट्रफमध्ये चार-चार पानं झालीत, पुढच्या आठवड्यात दिवस १० तासांखाली जातोय, रात्री पारा १-२ अंशांवर आहे. आजपासूनच कापड घालू का? घरातले म्हणतायत आत घे.

खुरपं:

आत तर मुळीच घेऊ नका, घरातल्या उबेत आणि अंधारात आठवड्यात लांबुळकी होऊन पडतील. कापडही आत्ता नको. १-२ अंश हीच सरावाची थंडी आहे, ती त्यांना उघड्यावर मिळू द्या. हवामानखात्याने उणे ३-४ चा अंदाज दिला की त्या संध्याकाळी ऊन असतानाच ३० ग्रॅमचं कापड टाका. कुंडी आहे म्हणून उणे ३, जमिनीत असती तर उणे ५ पर्यंत थांबा म्हटलं असतं. आणि कापड टाकायच्या आधी माती ओली आहे ना ते बोट खुपसून बघा.